ताटातील आवडनिवड
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



भोजनाची पाने मांडली जात असताना भाषणास उभे राहणे हे धैर्याचे काम होय. चिटणिसांनी आम्हांस दहा मिनिटे दिली आहेत. तळणीचा वास येथवर पोहोचला असता तीही पुष्कळच झाली. म्हणून विषयही ताटातलाच घेतो : मासळीच्या आवडीनिवडी.

आपण किनाऱ्यावरची माणसे. मालवणकडे जी कुर्ली, तीच मुंबईकडे चिंबोरी. नावे निराळी, पण तोंडास सुटणारे पाणी एकच. तरीही एकाच घरात एकास सुका बोंबील प्राणाहून प्रिय, तर दुसरा त्याच्या वासाने अंगणात जाऊन बसतो. जन्मभर मुले शिकविल्यावर आमचे मत असे झाले आहे की, नावड तीन प्रकारची असते, आणि तिन्हींस एकच छडी लावणे बरे नव्हे.

पहिली नावड प्रतिष्ठेची. पापलेट व सुरमई मानाची, तारली व मांदेली गरिबाघरची, अशी समजूत आपल्यांत रूढ आहे. पाहुणा आला की तारलीचे भांडे झाकून ठेवावयाचे! वास्तविक तारली-बांगड्यांत हृदयास हितकर अशी स्निग्धद्रव्ये विपुल असतात, आणि त्यांचे मोलही खिशास झेपते. उलट, जो तो पापलेटच मागू लागल्यामुळे वाढ न झालेली पिल्लेदेखील बाजारात येतात. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पापलेटास राज्यमाशाचा मान दिला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली, ती उगाच नव्हे. ही नावड आपण निश्चयाने सोडावी.

दुसरी नावड अपरिचयाची. शिंपीत दडलेली तिसरी किंवा खडकावरचे कालव पाहून मूल बिचकते, यात नवल नाही. त्यास दटावू नये. आज भातावर नुसता रस घालावा, उद्या एक तिसरी पुढे ठेवावी आणि आपण चवीने जेवावे. वर्णमालासुद्धा कोणी एका दिवसात शिकत नाही.

तिसरी नावड शरीराची. आणि येथे आम्हांस आपला एक अपराध सांगावयाचा आहे. आमच्या थोरल्या सूनबाईंचे बालपण नागपुराकडे गेले. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी घरी कोळंबीचे कालवण होते. त्या हळूच म्हणाल्या, “मामंजी, मला कोळंबी नको, लहानपणी एकदा त्रास झाला होता.” आम्ही हसून म्हणालो, “आमच्या घरात येऊन कोळंबी नको, असे कसे चालेल?” वडिलांचा शब्द मोडू नये म्हणून त्यांनी चार घास खाल्ले. पाव घटकेत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडू लागला. समोरच राहणाऱ्या डॉक्टरांनी धावत येऊन सुई टोचली, म्हणून संकट टळले. त्या रात्री आम्हांस अन्न गेले नाही.

डॉक्टरांनी पुढे समजाविले की, कोळंबी-कुर्लीतील एका प्रथिनाचे काही शरीरांशी वैर असते. शिजविल्याने ते प्रथिन नष्ट होत नाही, आणि ‘थोडे खाऊन सवय करावी’ हा उपाय तर जिवावर बेतू शकतो. मात्र कवचाची मासळी ज्यास बाधते, त्यास इतर मासळी बाधेलच असे नाही. सूनबाईंची रीतसर तपासणी झाली; बांगडा त्यांस निर्धोक ठरला. आज तिरफळ घालून केलेले बांगड्याचे तिखले त्यांच्याइतके सुरेख आमच्या घरात कोणास साधत नाही.

म्हणून कार्यकारी मंडळास आमची नम्र सूचना आहे. आपल्या स्नेहभोजनात कोळंबी-कुर्लीची भांडी, पळ्या व तळणीचे तेल निराळे ठेवावे. आणि वाढणाऱ्यांनी, पानावर आडवा हात आला की, दुसऱ्यांदा आग्रह करू नये. आग्रह हे आपल्या ज्ञातीचे भूषण खरे. परंतु “नको” हा शब्द ऐकून घेणे हाही आदरातिथ्याचाच भाग आहे. तो धडा आम्ही विद्यार्थ्यांस कधी शिकविला नाही. आम्हांस तो सुनेने शिकविला.

असो. पाने वाढून झालेली दिसतात.