रात्रीचा बागेश्री

इस्लामपूरहून बोलतेय. आज पापड-लोणच्याचं सांगणार नाही, की कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज बोलायचंय व्हायोलिनबद्दल.

गेल्या वर्षी आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. दिवस कसातरी जायचा, रात्र सरायची नाही. घटकेघटकेला हाक. दिवसभर शेतात आणि घरात राबून मी दमलेली. एका रात्री ओरडलेच, "झोपा की आता!" आत्या एकदम गप्प झाल्या. त्यांच्या हाकेपेक्षा ते गप्प होणं मला जास्त लागलं.

दुसऱ्या रात्री लेकीनं मोबाइलवर एन. राजम यांनी व्हायोलिनवर वाजवलेला बागेश्री राग लावला. आत्या म्हणाल्या, "कोण रडतंय गं?" थोडं ऐकून म्हणाल्या, "न्हाय, रडत न्हाय. कुणीतरी जात्यावर बसलंय."

खरंच तसंच आहे ते. बागेश्री हा रात्रीचा राग. त्यात गंधार आणि निषाद कोमल असतात. सुरुवातीच्या आलापीत तबला नसतो, म्हणून कसली घाई नसते. पेटीचा प्रत्येक सूर वेगळ्या पट्टीवर असतो. व्हायोलिनला पट्ट्याही नाहीत, पडदेही नाहीत. बोट तारेवरून घसरत एका सुरातून दुसऱ्यात जातं आणि गज ओढला की सूर दमानं टिकतो. म्हणून ते गळ्यासारखं वाटतं. याला गायकी अंग म्हणतात.

राजमताईंचा जन्म 1938 चा. वडिलांकडून लहानपणीच त्या कर्नाटकी संगीत शिकल्या, पुढे पं. ओंकारनाथ ठाकूरांकडे हिंदुस्थानी संगीत. बनारसच्या हिंदू विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षं शिकवलं. लेक संगीता शंकर, नाती रागिणी आणि नंदिनी, सगळ्या व्हायोलिन वाजवतात. आजीचा वारसा नातींपर्यंत आला.

हे सूर आपल्याला परके नाहीत बरं का! ओंकारनाथांचे गुरू विष्णु दिगंबर पलुसकर हे 1872 साली कुरुंदवाडात जन्मले आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. सातारा जिल्ह्यात औंधला 1940 पासून संगीत महोत्सव भरतो. त्या महोत्सवाशी जोडलेले गजाननबुवा जोशी गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे.

आता खरं सांगते. बागेश्रीनं आत्यांचं दुखणं गेलं नाही. औषध, व्यायाम, डॉक्टर सगळं चालूच होतं. पण ती वीस मिनिटं मी त्यांच्या पायावर हात ठेवून नुसती बसायचे. माझा राग निवायचा. मी निवले की त्याही निवायच्या. एका रात्री त्या म्हणाल्या, "तू बी दमतीस गं." लग्नाला एकवीस वर्षं झाली, हे पहिल्यांदा ऐकलं.

तुमच्याही घरी कुणी अंथरुणाला असेल तर रात्री दिवा बारीक करा, आवाज हळू ठेवा, हातात काम घेऊ नका, आणि ऐका. त्या वेळेत कुणी पाणी मागितलं तर घरातल्या पुरुषाला उठू द्या.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एकमेकींना एवढं विचारा, "तुझ्या घरी रात्री कोण जागतं?"