ताकद नंतर, आधी मूठ: बॉक्सिंगचे पहिले दोन पंच

रील बघून ग्लोव्हज मागवलेत, बॅग टांगलीत आणि आता दणादण सुरू करायचंय? दोन मिनिटं थांबा. कारण नवख्या माणसाचा हात बहुतेक वेळा समोरच्यामुळे नाही, स्वतःच्याच पंचमुळे दुखावतो.

सुरुवात मुठीपासून. चारही बोटं घट्ट आत वळवा आणि अंगठा बाहेरून, पहिल्या दोन बोटांवर ठेवा. अंगठा मुठीच्या आत कधीच नाही, मोडू शकतो. पंच लागायला हवा तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या दोन मोठ्या सांध्यांनी. करंगळीच्या बाजूने लागला, तर तिथलं तळहाताचं हाड तुटतं. डॉक्टर त्याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर'च म्हणतात! मनगट सरळ, हाताच्या रेषेत. आणि ग्लोव्हजच्या आत हँडरॅप हवाच. साडेचार मीटरचा घ्या, मनगटाला नीट वेढे बसतात.

आता उभं राहणं. उजव्या हाताचे असाल तर डावा पाय पुढे, उजवी टाच किंचित वर, गुडघे सैल. हनुवटी खाली, कोपरं बरगड्यांजवळ, मुठी गालांशी.

पहिला पंच जॅब. डावा हात सरळ पुढे, शेवटच्या क्षणी मूठ फिरवायची, तळवा जमिनीकडे. हात ज्या रस्त्याने गेला त्याच रस्त्याने परत गालाशी. मारण्याआधी हात मागे खेचू नका, समोरच्याला आधीच कळतं.

दुसरा क्रॉस, म्हणजे उजवा. इथे जोर दंडातून येत नाही बरं का, पायातून येतो. उजवा पंजा जमिनीवर फिरवा, मग कंबर, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी मूठ. या वेळी डावा हात गालाशीच! पंचसोबत तोंडाने 'श्श' करून श्वास सोडा.

घरचा सराव सांगतो. भिंत डाव्या अंगाला ठेवून जॅब मारा. कोपर भिंतीला घासलं, तर ते बाहेर पळतंय. मोबाईलवर बाजूने स्लो-मोशन व्हिडिओ काढा, चूक लगेच दिसेल. दोन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये एक मिनिट विश्रांती. बॅगवर पहिले काही आठवडे अर्ध्याच जोराने.

आणि मित्रासोबत गच्चीवर 'हलकी' स्पॅरिंग? प्रशिक्षकाशिवाय अजिबात नाही. हाड जुळतं, डोक्याला बसलेला मार मात्र असा सहज भरून निघत नाही.

हूक आणि अपरकट पुढच्या भागात. तोवर हात वर, हनुवटी खाली!