बालविकास : घरचे ज्ञान आणि विद्यापीठाचे शास्त्र

(पिंप्राळा येथील पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघतो, तेव्हा दोर ओढण्यास असंख्य हात पुढे येतात. चाकाला मोगरी लावणारे मात्र मोजकेच. कोणत्या वळणावर चाक किती अडवावे, ही नजर वर्षानुवर्षे जवळून पाहिल्यावाचून येत नाही. मुलांच्या वाढीचेही तसेच आहे.

तरीही बारावीनंतर मुलीने मानव विकास किंवा बालविकास हा विषय पदवीसाठी घेते म्हटले, की घरातून प्रश्न येतो : मुले वाढवायला पदवी कशाला? आजी कोणत्या विद्यापीठात गेली होती?

प्रश्न टाकाऊ नाही. आजीचे ज्ञान खरे होते. बाळाचे उष्टावण सहाव्या महिन्यात करावे, ही आपली जुनी रीत. जागतिक आरोग्य संघटनाही सहा महिने पूर्ण झाल्यावरच पूरक आहार सुरू करण्यास सांगते. मात्र तेवढ्यावर छाती फुगवून थांबणे हा आळस होय. त्या वयात बाळ मान धरत नसेल, तर वाट पाहावी की तातडीने डॉक्टरांना दाखवावे? दहा लेकरे पाहिलेली आजी ते ओळखत असे. दोन खोल्यांच्या घरात, आई-वडील दोघे नोकरीला गेलेले असताना, ते कोणी ओळखायचे?

शाखेत शिशू, बाल, तरुण असे गट वेगळे का असतात, हे कार्यकर्त्यांना सांगावे लागत नाही. शिशूंना तरुणांचा खेळ दिला की पाच मिनिटांत रडारड होते. अनुभवाने कळलेल्या या गोष्टीची कारणे शोधणे, नोंदी ठेवणे आणि त्या पडताळणे, हेच या विद्याशाखेचे काम.

महाराष्ट्रात हे काम कोणी केले? मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर ताराबाई मोडक गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला राहिल्या. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. 1945 साली त्या बोर्डीस गेल्या आणि अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. वनवासी पाड्यांवरील मुले बालवाडीकडे फिरकत नव्हती. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसणाऱ्या मुलीची शाळा बुडते हे दिसले, तेव्हा कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आली. मुलांकडे आधी नीट पाहिले, म्हणूनच हे सुचले. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला.

या अभ्यासक्रमांत एक उणीव आहे, ती लपवू नये. पुस्तकांतला पाया बव्हंशी परदेशी आहे. स्वित्झर्लंडचे पियाजे यांनी आपल्या तीन मुलांचे बारकाईने निरीक्षण करून सिद्धान्त मांडला. तो मोलाचाच आहे. पण अहिराणी बोलत शाळेत येणारे, आत्या-काकूंच्या मांडीवर वाढलेले मूल त्या नोंदींत नाही. त्याचा अभ्यास जिनिव्हाहून कोणी येऊन करणार नाही. बहिष्कार घालून ही उणीव भरत नाही. खान्देशातील मुली आणि मुलगेही या विषयात उतरले तर भरते. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने 1962 पासून मानसशास्त्राची जोड देऊन शिक्षणाचे प्रयोग केले, ते याच निष्ठेने.

किशोरवयाचा भाग तर अधिकच निकडीचा. दहावीचा मुलगा अबोल झाला, की घर त्याला मोबाइलचे व्यसन तरी म्हणते किंवा वयाचा दोष. वाचनात अडखळणारा मुलगा ‘ढ’ ठरतो. वास्तविक 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेची दखल घेतली आहे. शाळेत ती ओळखणारे प्रशिक्षित माणूस हवे. समुपदेशन, विशेष शिक्षण, बालवाडी, बालविकास प्रकल्पांतील पदे अशा वाटा या पदवीतून निघतात. वेतन सर्वत्र भरघोस नाही, हेही पालकांनी आधीच जाणावे.

मुंबईचे एसएनडीटी महिला विद्यापीठ आणि सुरतमार्गे गाठता येणारे बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ ही या विषयाची जुनी केंद्रे. अर्ज भरण्यापूर्वी मुलीने घराजवळच्या अंगणवाडीत, ताईंच्या परवानगीने, आठ दिवस रोज दोन तास बसावे. एकच मूल निवडावे, ते काय करते एवढेच वहीत लिहावे, मत लिहू नये. आठव्या दिवशी ती वही घरात सर्वांसमोर वाचावी आणि मग प्रवेशाचे ठरवावे.