बी. ए.च्या पदवीचे मोल



घनसावंगी किंवा मंठा तालुक्यातील एखादा ऊसतोडणी मजूर आपल्या मुलाला बी. ए.ला घालतो, तेव्हा गावातील जाणती माणसे त्याला विचारतात : या पदवीचा उपयोग काय? प्रश्न पैशाचा आहे, म्हणून तो हिणकस ठरत नाही. ज्याच्या घरची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला हिशेब मागण्याचा पूर्ण अधिकार आहे.

प्रथम खर्चाची बाजू पाहू. अनुदानित महाविद्यालयात कला शाखेची फी तुलनेने अल्प असते. सवलतींमुळे ती आणखी कमी होते. त्यामुळे हे शिक्षण जवळजवळ फुकट आहे, असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः खरा खर्च आहे तो शिकताना बुडणाऱ्या मजुरीचा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. या दराने वर्षाकाठी २०० दिवस काम मिळाले असते असे धरले, तर वर्षाला ६२,४०० आणि तीन वर्षांत १,८७,२०० रुपये बुडतात. ही रक्कम कोणत्याही पावतीवर छापली जात नाही; ती घरातल्यांच्या ताटातून वजा होते.

आता जमेची बाजू. राज्य शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली आणि नकळत पदवीची किंमतच ठरवून दिली. बारावी उत्तीर्णाला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,०००. म्हणजे बारावीपुढील तीन वर्षांचे मोल महिना ४,००० रुपये. या दराने बुडालेली मजुरी भरून यायला सत्तेचाळीस महिने हवेत. योजनेची मुदत होती सहा महिन्यांची. पुढे ती अकरा महिन्यांपर्यंत वाढवण्यात आली.

मग मुले बी. ए. का होतात? कारण ती पदवी रांगेत उभे राहण्याचा परवाना आहे. जालन्यात १९६४ पासून बियाणे उद्योग वाढला, लोखंडी सळयांचे कारखाने आले. पण तेथे बी. ए.ला म्हणून वेगळी मागणी फारशी नाही. आशा उरते ती सरकारी नोकरीची. २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची जाहिरात निघाली. अट होती कोणत्याही शाखेच्या पदवीची, आणि मूळ वेतनाचा आरंभ २५,५०० रुपयांपासून. अर्ज आले दहा लाखांहून अधिक, म्हणजे एका जागेमागे दोनशेच्या वर. ज्याला ती जागा मिळाली, त्याची पदवी अनेक पटींनी फळली. उरलेल्यांनी ९०० ते १,००० रुपये परीक्षा शुल्क भरून पुढच्या जाहिरातीची वाट धरली. याच वर्षी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीचे नाव देशभर गेले. आरक्षणाच्या त्या आंदोलनाच्या मुळाशी शेतीतील ओढगस्तीइतकीच ही रांगही आहे.

मार्क ब्लॉग, रिचर्ड लेयार्ड आणि मॉरीन वुडहॉल यांनी १९६९ साली भारतातील पदवीधरांच्या बेकारीवर ग्रंथ लिहिला. बेकारी दिसत असूनही पदवी घेणे व्यक्तीच्या दृष्टीने सरासरीने किफायतशीर ठरते, असे त्यांना आढळले. परंतु सरासरीने कोणाचे पोट भरत नाही. सरासरीत बसण्यासाठी आधी काही वर्षे थांबावे लागते. बागायतदाराचा किंवा नोकरदाराचा मुलगा चार वर्षे स्पर्धा परीक्षा देत थांबू शकतो. ऊसतोडणी मजुराच्या मुलाला पुढच्याच हंगामात कोयता उचलावा लागतो. दोघांच्या हाती एकाच विद्यापीठाचे प्रमाणपत्र असते, तरी त्याची किंमत घरच्या थांबण्याच्या ऐपतीप्रमाणे बदलते. कला शाखेचा आर्थिक प्रश्न आहे तो हा.

मुलींचा हिशेब याहून निराळा आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जालना जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या सुमारे एकतृतीयांश स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे दिसले. अशा ठिकाणी तालुक्याच्या गावचे कला महाविद्यालय अनेक मुलींना लग्न पुढे ढकलण्याचे एकमेव सबळ कारण पुरवते. या वर्षांचे मोल पगारपत्रकात सापडणार नाही; म्हणून ते शून्य धरायचे काय?

तात्पर्य, कला शाखा बंद करा हे उत्तर नव्हे आणि फी माफ केली की कर्तव्य संपले हेही नव्हे. डॉ. आंबेडकरांनी त्या वेळच्या औरंगाबादेत १९५० साली जे महाविद्यालय काढले, त्याला वसतिगृहांची जोड होती. गरिबाच्या शिक्षणात राहण्या-जेवणाचा खर्च मुख्य असतो हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना निर्वाहासाठी रोख रक्कम देणारी स्वाधार योजना २०१६-१७ साली याच तत्त्वावर उभी राहिली. हे तत्त्व प्रत्येक भूमिहीन आणि कोरडवाहू घरापर्यंत पोहोचले पाहिजे. भरतीचे वेळापत्रक दरवर्षी ठरून पाळले गेले पाहिजे. कारण लांबलेल्या प्रत्येक परीक्षेचा भुर्दंड गरीब उमेदवारच भरतो.

पदवीचे मोल विचारणाऱ्या त्या बापाला संस्कृतीवरचे प्रवचन नको आहे. मुलगा शिकत असताना आणि नोकरीची वाट पाहत असताना घर कसे चालवायचे, एवढेच तो विचारतो आहे. त्याचे उत्तर द्यायचे आहे ते समाजाने आणि शासनाने.