धरणावरचा दिवस आणि छकुलीचं नाव

(पुसद येथे महिलांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला 'बाई आणि आरोग्य' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. शेतात जाते आणि बचत गटाचं काम बघते. म्हणून मी आज आमच्या घरच्या रोडग्यांबद्दल बोलणार आहे. हसू नका, विषय तोच आहे.

आपल्या भागात थंडी पडली, कापसाचा पहिला वेचा घरात आला, की रोडग्यांचा बेत निघतो. कुणाचा नवस असतो, कुणाचं नुसतंच निमित्त. शेतात नाहीतर पाण्याकाठी जायचं, गोवऱ्या पेटवायच्या, निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजायचे. सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. याला आपण सुट्टी म्हणतो. खरं तर त्या दिवशी चूल घरातून उचलून रानात नेलेली असते एवढंच. वांगी चिरतो आपण, मसाला वाटतो आपण. रोडगे गडीमाणसं भाजतात आणि त्याचं कौतुक वर्षभर ऐकावं लागतं! तरी बायांना तो दिवस आवडतो. डोक्यावर छप्पर नसतं, पदर जरा सैल सोडता येतो.

मी आठ वर्षं त्या दिवशी गेले नाही. खरं म्हणजे मला नेलं नाही. पहिल्या वर्षी दुःख ताजं होतं. पुढे कुणी 'चल' म्हटलंच नाही. मी असले की सगळ्यांना जेवताना अवघड होईल, असं घरात न बोलता ठरून गेलं होतं.

२०१६ च्या श्रावणात माझी मुलगी गेली. सहा वर्षांची होती. घरात तिला छकुली म्हणायचे. रात्री आम्ही दोघी जमिनीवर निजलो होतो. पहाटे ती उठली ती पोट दुखतं म्हणत. अंगावर कुठे सूज नाही, रक्त नाही. एका दवाखान्यात पोट बिघडलंय म्हणून गोळी दिली आणि घरी पाठवलं. तासाभरात तिच्या पापण्या मिटायला लागल्या, थुंकी गिळता येईना. मग धावपळ, शेजाऱ्याची गाडी, यवतमाळचा रस्ता. यवतमाळ इथून शंभरेक किलोमीटर. आम्ही दिग्रस ओलांडलं, तेवढंच. दुपारी अंथरूण उचललं तेव्हा भिंतीच्या कडेला मण्यार सापडला.

आता ऐका घर काय म्हणालं. "खाली काहून निजवलं पोरीला?" सासूबाईंनी विचारलं, नणंदेनं विचारलं, मातीला आलेल्या प्रत्येकानं विचारलं. घरात खाट एकच होती. ती सासऱ्यांची. त्यांच्यानंतर ती माझ्या नवऱ्याची होणार होती. म्हातारी सासूसुद्धा जन्मभर जमिनीवरच निजली. खाट कुणाची, हा प्रश्न मात्र त्या दिवशी कुणाला पडला नाही. मी तो उत्तर म्हणून सांगितला तेव्हा मला उद्धट ठरवलं.

मग दुसरं सुरू झालं. "अजून वय आहे, माहूरला जा, ओटी भर, मुलगा होईल." गावात कुणाचं डोहाळजेवण असलं की मला बोलावणं येईना. घरात तिचं नाव बंद झालं. तिचं दप्तर कुणी उचललं मला माहीत नाही. तिला कुठे पुरलं तेही माहीत नव्हतं, कारण आपल्याकडे लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि बायांनी तिकडे जायचं नसतं. नऊ महिने पोटात वाढवलं तिला शेवटची जागा बघायचा अधिकार नाही. हा कुठला धर्म, मी अजून विचारते आहे.

सरकारी कागदावरही तेच. शेतकऱ्याच्या घरात अपघात झाला, साप चावून माणूस गेलं, तर सरकारची मदत आहे. पण ती वय वर्षं दहा ते पंचाहत्तर. सहा वर्षांचं लेकरू त्यात बसत नाही. मला पैशाचं दुःख नाही. पण शेतकऱ्याच्या घरातलं सापानं गेलेलं माणूस मोजताना ती माणूस धरली नाही, हे लागतं.

२०२४ च्या कार्तिकात मी स्वतःच म्हटलं, यंदा मी येणार. पूस धरणावर जायचं ठरलं होतं. टेम्पोत आम्ही चौदा जण. मधल्या काळात धाकट्या दिराकडून मी ती जागा काढून घेतली होती. धरणाच्या वाटेवर, नाल्याच्या कडेला एक वाकडी बाभूळ आहे, तिथे. नाला आला तशी मी म्हटलं, गाडी थांबवा.

सासूबाई म्हणाल्या, "जेवायला चाललो बाई, अशा येळी काहून?"

मी म्हटलं, "आई, तुमची नात आहे ती."

टेम्पोत कुणी बोललं नाही. माझ्या नवऱ्यानं ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. आजवर त्यांनी माझ्या बाजूनं एक शब्द काढला नव्हता, त्या दिवशीही काढला नाही, पण गाडी थांबली. मी उतरले. मागून मोठी जाऊ उतरली. आम्ही दोघी बाभळीपाशी दहा मिनिटं उभ्या राहिलो. तिथे काही नव्हतं, तरोटा वाळलेला आणि शेळ्यांच्या लेंड्या. जाऊ म्हणाली, "तिला वांग्याची भाजी नाही आवडायची, आठवते?" आठ वर्षांत माझ्या मुलीबद्दल माझ्याशी कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी रडले, मग हसले, आणि आम्ही गाडीत येऊन बसलो.

धरणावर मी खूप हसले. पोरं पाण्यात दगड टाकत होती, दिरानं अर्धे रोडगे करपवले, कुणीतरी तूप विसरलं होतं त्यावरून भांडण. मी दोनदा वाढून घेतलं. तेव्हा मागून एक बाई कुजबुजली, "पाहा, कशी हसते." म्हणजे बघा, रडलं तर अपशकुन, हसलं तर पाषाणहृदयी. पोर गेलेल्या बाईनं तोंड कसं ठेवावं, त्याचा नमुना कुणी तरी काढून द्यावा!

जेवणं झाल्यावर पोरं गवतात लोळायला निघाली. मी त्यांना सतरंजीवर बोलावलं. पुतणीनं विचारलं, "काकू, छकुली असती तर कितवीत असती?" मोठी माणसं एकदम इकडेतिकडे बघायला लागली. मी म्हटलं, "नववीत." आणि मग पोरांना सगळं सांगितलं. मण्यार काळा असतो, अंगावर बारीक पांढरे पट्टे. तो रात्री हिंडतो, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो, आणि दुखत नाही, खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे पोट दुखलं, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं की अपचन म्हणायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही, ब्लेडनं कापायचं नाही, दोरी आवळायची नाही. न चालवता, न हलवता थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं, जिथे सापाची लस आहे आणि श्वासाचं यंत्र आहे. पोरं डोळे वटारून ऐकत होती. सासूबाईही ऐकत होत्या. आठ वर्षांत या घरात हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं तर तिचं नाव घ्यावं लागलं असतं.

माझं म्हणणं इथे आहे. नाव झाकलं की कारणही झाकलं जातं. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं साप चावून मेली असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली. इतकी वर्षं त्यांची धड नोंदही होत नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना सांगितलं, सर्पदंशाची प्रत्येक केस कळवणं बंधनकारक करा. आमचे रोडगे झाले त्याच महिन्यात. योगायोग, दुसरं काय.

आपण सभांमध्ये आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगतो. दहा दिवसांचं बाळ गेलं आणि त्या डॉक्टर व्हायला निघाल्या. त्या बाळाचं नाव मी कुठल्या भाषणात ऐकलेलं नाही. उलट रमाई आणि बाबासाहेबांची गेलेली चार लेकरं, गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न, ही नावं आमच्या शेजारच्या वस्तीत लहान पोरंसुद्धा सांगतात. त्या घरांनी ती जपली. हे मला फार मोठं वाटतं.

तर आता कामाचं. आमच्या गटानं गेल्या पावसाळ्याआधी घरोघर जाऊन दोनच प्रश्न विचारले: घरात खाटा किती, आणि त्यांवर कोण निजतं? उत्तरं तुम्ही ओळखली असतील. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली तर साप आत येत नाही, जमिनीवर निजलं तरी. आम्ही गटाच्या पैशातून मच्छरदाण्या एकदम घेतल्या, हप्त्यानं दिल्या. एकोणीस घरांत गेल्या. एका घरात ती म्हाताऱ्याच्या खाटेवर टांगलेली सापडली, ती काढून सुनेच्या अंथरुणावर लावून आलो. तिथे थोडं भांडण झालं. तुमच्या गावी हे करायचं असेल तर दुपारी जेवणानंतर मला भेटा, दुकानाचा पत्ता आणि हिशेबाची वही मी सोबत आणली आहे.