खाज कशाने सुटते?

तायांनो, अंगावरून फाटलेल्या दुधासारखं पांढरं जातं, खाज सुटते, आणि आपण ते जावेलाही सांगत नाही. कॅन्डिडा नावाचं यीस्ट, म्हणजे बारीक बुरशी, बऱ्याच जणींच्या अंगात एरवी गुपचूप असते. अँटिबायोटिक गोळ्या, साखरेचा आजार, गरोदरपण, अशा वेळी ती फोफावते. धाग्यासारखी वाढून कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडते. (नाव पाठ करू नका! ते कळलंच मुळी २०१६ मध्ये.) हे विष आतल्या नाजूक पेशींना भोकं पाडतं, म्हणून आग होते. साबणाने घासलं तर आणखी झोंबतं. शेजारणीचं मलमही लावायचं नाही. घाण वास असेल तर आजार वेगळा, औषधही वेगळं. आशाताईंशी बोला, दवाखान्यात दाखवा. पुन्हापुन्हा होत असेल तर रक्तातली साखरही तपासून घ्या.