धारवाडच्या मातीतले गवई आणि आपण
(कामगार मेळाव्यात केलेले भाषण)



बोनसवर आणि महागाई भत्त्यावर बोलणारे वक्ते पुढे आहेत. आम्हांला आज गाण्यावर बोलायला सांगितले आहे. आम्ही चौथीपर्यंत शिकलेली माणसं. रागदारीतलं आम्हांला काय कळणार, असं कुणी म्हणेल. पण ज्याचा जन्म साच्यापुढे गेला, त्याला शंभर साच्यांच्या खडखडाटात आपल्या साच्याचा ठेका चुकला की लगेच कळतो. ज्याला ठेका कळतो त्याला गाणं ऐकायचा हक्क आहे.

धारवाड, हुबळी, गदग ही नावं आपल्या जुन्या माणसांना कापसामुळे ठाऊक. त्या काळ्या मातीतला कापूस मुंबईच्या गिरण्यांत येत असे. त्याच मातीतून सवाई गंधर्व आले, मल्लिकार्जुन मन्सूर आले, गंगूबाई हनगल आल्या, बसवराज राजगुरू आले, भीमसेन जोशी आले. तिथून थोडं वर, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले. एवढ्याशा मुलखातून इतके मोठे गवई कसे निघाले? लोक म्हणतात, तिथल्या पाण्याचा गुण. आम्ही म्हणतो, पाण्याला गुण असता तर तिथला प्रत्येक गडी गवई झाला असता. यामागे कारणं आहेत आणि ती समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं कारण रस्ता. खाली म्हैसूरचा दरबार, वर मिरज, कोल्हापूर, पुणे. म्हैसूरच्या महाराजांकडे उत्तरेचे उस्ताद गायला जात, आणि वाटेत धारवाड-हुबळीला मुक्काम पडे. पुण्या-मिरजेकडून धारवाड-हुबळीकडे आगगाडी झाली आणि ये-जा वाढली. उत्तरेत कैराना म्हणून गाव आहे, तिथले अब्दुल करीम खाँ मिरजेला येऊन राहिले आणि या वाटेवर त्यांनी शिष्य केले. म्हणजे गुरू उत्तरेचा मुसलमान, राहणार मराठी मुलखात, आणि शिष्य कन्नड मुलखातला.

दुसरं कारण नाटक मंडळ्या. इथं आपण मराठी माणसांनी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी पहिलं मराठी नाटक उभं केलं. त्याच्या आधी सांगलीच्या राजांनी कानडी मुलखातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले होते. असं काही मराठीत करा, म्हणून त्यांनी भाव्यांना सांगितलं. १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून संगीत नाटकाला जोर देणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. मराठी रंगभूमीचा आपल्याला केवढा अभिमान! तिच्या पाळण्याची एक दोरी कानडी मुलखातून आलेली आहे. पुढे त्याच रंगभूमीने ते ऋण फेडलं. मराठी मंडळ्या हुबळी-धारवाडला मुक्काम ठोकत, आणि तिकडची पोरं त्यांची पदं ऐकत मोठी होत.

सवाई गंधर्वांचंच घ्या. खरं नाव रामभाऊ. गाव कुंदगोळ, हुबळीजवळचं. जन्म १८८६ चा. अब्दुल करीम खाँसाहेबांजवळ ते शिकले आणि मराठी नाटक मंडळीत गेले. स्त्रीपार्ट केले, पदं गाजवली. 'सवाई गंधर्व' ही पदवी त्यांना मिळाली ती अमरावतीत, आपल्या वऱ्हाडात. १९५२ साली पुण्यात ते वारले. दुसऱ्या वर्षापासून शिष्यांनी पुण्यात त्यांच्या नावाने उत्सव सुरू केला. कुंदगोळच्या माणसाच्या नावाने पुण्याच्या थंडीत हजारो मराठी माणसं गाणं ऐकायला बसू लागली, आणि तो उत्सव आजही चालतो.

आता भीमसेनांची हकीकत. १९२२ साली जन्म, वडील शाळामास्तर. अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी एका दुकानातल्या तबकडीवर या पोराने ऐकली आणि त्याला वेड लागलं. १९३३ साली, अकरा वर्षांचा असताना, गुरू शोधायला तो घर सोडून पळाला. तिकिटाला पैसे नाहीत. डब्यात गाणं म्हणून दाखवायचं, कुणी दिलं तर खायचं, उतरवलं तर पुढची गाडी धरायची. ग्वाल्हेर, रामपूर करीत तो पार जालंधरला पोचला. शेवटी वडिलांनी परत आणलं, आणि गुरू भेटला तो घराजवळच, कुंदगोळला. तिथे गुरूच्या घरी पाणी भरलं, पडेल ते काम केलं आणि मग गाणं मिळालं. पुढे ते पुण्याला राहिले. त्यांच्या तोंडून तुकोबांचे अभंग ऐकताना आपल्यातल्या किती जणांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल! त्या वेळी गाणारा कानडी की मराठी, हे कुणी विचारलं होतं काय? २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झालं तेव्हा हुबळी-गदगला पेढे वाटले तसे पुण्यालाही वाटले.

भगिनींनो, आता तुमच्यासाठी विशेष. गंगूबाई हनगल १९१३ साली धारवाडला जन्मल्या. आई अंबाबाई कर्नाटकी पद्धतीचं गाणाऱ्या. गाणाऱ्या बायकांचं घर म्हणून सोवळ्या आळीत त्यांना जवळ कुणी करत नसे. लहानपणी शेजारच्या बागेत त्या आंबे चोरायला गेल्या. पोरीने आंबे चोरले याचा राग कमी, गाणारणीच्या पोरीने बागेत पाऊल टाकलं याचा राग जास्त! पुढे नाव झालं तेव्हा त्याच माणसांनी त्यांना मानाने घरी बोलावलं. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेसमध्ये गांधीजींपुढे स्वागताचं गाणं म्हणायला ही अकरा वर्षांची पोर उभी राहिली. गाण्याची भीती नव्हती. जातीवरून आपल्याला खरकटं काढायला लावतील की काय, याची भीती होती, असं त्यांनीच पुढे सांगितलं.

शाळा पाचवीपर्यंत. म्हणजे आमच्यापेक्षा एकच यत्ता जास्त. हुबळीहून गाडीने कुंदगोळला जायचं, सवाई गंधर्वांपुढे बसायचं, आणि परत गाडीने घरी. गुरू एकच जागा घोटून घेत, ती गळ्यावर चढेपर्यंत पुढची देत नसत. संसाराचा भार बाईंच्या गाण्यावर. पुढे घशाच्या दुखण्यात आवाज बदलला, जाड झाला, पुरुषी झाला. दुसरी बाई रडत बसली असती. यांनी त्याच आवाजाचा डोंगर केला. २००२ साली पद्मविभूषण मिळालं. आणि त्या विचारीत काय? गाणारा पुरुष मुसलमान असला तर उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित होतो; मग केसरबाई, मोगूबाई या बाईच का राहतात? वाइंडिंग खात्यातल्या आमच्या बहिणींनी हा प्रश्न लक्षात ठेवावा. काम तेवढंच, आणि नावाला मात्र कमी!

मल्लिकार्जुन मन्सूर १९१० साली धारवाडजवळच्या मन्सूर गावी शेतकऱ्याच्या घरी जन्मले. आधी कन्नड नाटक कंपनीत गेले. मग मिरजेच्या नीलकंठबुवांजवळ शिकले. हे नीलकंठबुवा आपल्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. इचलकरंजी म्हटलं की आपल्याला माग आठवतात. ग्वाल्हेरचं गाणं दक्षिणेत आणणाऱ्या बुवांनीही त्याच गावचं नाव लावलं, हे आपल्या पोरांना सांगा. पुढे मन्सूर मुंबईत अल्लादिया खाँच्या मुलांकडे शिकले, आधी मंजी खाँ, मग भुर्जी खाँ. एवढं मोठं नाव झालं तरी राहिले धारवाडलाच. १९९२ साली तिथेच देह ठेवला.

आणि गदगचं ते आश्रम! पंचाक्षरी गवई स्वतः आंधळे. तेही नीलकंठबुवांजवळ शिकलेले. त्यांनी आंधळी, पोरकी, गरीब पोरं गोळा केली. त्यांना जेवू घातलं आणि फुकट गाणं शिकवलं. बसवराज राजगुरू त्यांच्याच हाताखाली तयार झाले. १९४४ साली गवई वारले, तेव्हा त्यांचे शिष्य पुट्टराज गवई, तेही आंधळे, यांनी २०१० सालापर्यंत ते काम चालवलं. सांगा, कुठल्या शेठजीच्या तिजोरीतून हे उभं राहिलं? दारोदारच्या मूठभर जोंधळ्यावर उभं राहिलं.

कुमार गंधर्वांचं नाव शिवपुत्र कोमकळी. अकरा वर्षांचे असताना मुंबईत देवधर मास्तरांच्या शाळेत आले. ऐन तारुण्यात क्षयाने गाठलं. देवासला जाऊन पडून राहिले. पाच-सहा वर्षं गाणं बंद, एक फुप्फुस निकामी. छातीत कापसाचे तंतू घेऊन खोकणारी माणसं आपण घरोघर पाहिली आहेत, तेव्हा हे दुःख आपल्याला सांगायला नको. अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी ऐकत राहिले. उठले तेव्हा त्या गाण्यांनी त्यांचं संगीत नवं झालं होतं. एका फुप्फुसावर ते माणूस पुढे चाळीस वर्षं गायलं.

बंधूंनो, एवढं सगळं सांगायचं कारण आता ऐका. १ नोव्हेंबर १९५६ ला प्रांतांच्या रेघा बदलल्या आणि धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. कन्नड माणसाचं राज्य कन्नडमध्ये चालावं ही त्यांची मागणी न्यायाची होती, जशी आपली न्यायाची होती. १ मे १९६० ला आपण रक्त सांडून आपलं राज्य मिळवलं. सीमेवरच्या मराठी माणसाचा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि त्यासाठी आम्ही शेवटपर्यंत भांडू. पण भांडण सरकारशी आहे, कानडी माणसाशी नाही.

मागच्या मोर्चात काही पोरांनी कानडी माणसाला शिवी देणारी घोषणा दिली. आमच्या रांगेत आमच्याच खात्यातला एक कानडी गडी चालत होता. संपात तो आमच्याबरोबर उपाशी राहिलेला. त्याने मान खाली घातली, घोषणा देणं थांबवलं आणि पुढच्या चौकात मुकाट घरी गेला. दुसऱ्या दिवशी मालकाच्या माणसाने त्याला चहाला बोलावलं. कळलं काय झालं ते? आपण शिवी दिली आणि मालकाला फूट मिळाली, तीही फुकटात.

आपण थोरल्या बहिणीला अक्का म्हणतो, थोरल्या भावाला अण्णा म्हणतो. हे शब्द कानडीतही तेच आहेत, आणि आपल्याकडे तिकडूनच आले. गंगूबाईंना तिकडे अक्का म्हणत, भीमसेनांना इकडे अण्णा म्हणत. ज्या भाषेने आपल्या घरात थोरल्या भावाबहिणीची नावं दिली, तिला शिवी देणाऱ्याने आपल्याच घरातल्या थोरल्यांना शिवी दिली.

तेव्हा ठराव असा करू या. आपल्या मेळाव्यात कुठल्याही भाषेला शिवी निघणार नाही. निघाली तर शेजारच्याने तोंड धरावं. युनियनच्या खोलीत रविवारी पेटी-तबल्याचा वर्ग काढू या. त्यात पोरी पहिल्या बसतील, आणि मराठी, कानडी, तेलुगू सगळ्यांची पोरं एका सतरंजीवर बसतील. गदगला आंधळ्या माणसाने मूठभर धान्यावर जे केलं, ते दोन हात, दोन डोळे आणि पगार असलेल्या आपल्याला जमू नये काय?

कामगार एकजुटीचा विजय असो!
जय महाराष्ट्र!